खोली केवढी, सोबत कोण

टाकीवाले अण्णा कुणालाही पहिल्यांदा भेटले की नाव-गाव विचारत नसत. त्यांचे दोनच प्रश्न असत. "खोली केवढी? आणि सोबत कोण?" नव्यानं भरती झालेल्या पोराला, लग्न ठरलेल्या हेल्परला, बदलून आलेल्या सुपरवायझरला, सगळ्यांना हेच. एकदा एक सरकारी अधिकारी कारखान्याची पाहणी करायला आला, त्यालाही अण्णांनी सोडलं नाही. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "दहा बाय बारा. सोबत सासूबाई आहेत." अण्णांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "अवघड आहे."

अण्णा गेले हे मला गेल्या महिन्यात कळलं. रडू आलं नाही. माझे वडील पत्रकं वाटायचे, आमच्या घरात पंचांग नव्हतं पण प्रत्येक संपाचं पत्रक होतं. त्यावर वाढलेला मी, कशावरही चार ओळी खरडायला मला वेळ लागत नाही. अण्णांवर मात्र बसलो तर काहीच येईना. तेव्हा जे झालं ते तसंच लिहितो आहे.

चिंचवडच्या अलीकडे, मुंबई रस्त्यापासून आत, पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखाना होता. पिंपरीला तेव्हा औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि जो तो तिकडे डोळे लावून बसला होता. आमचा कारखाना लहान. अण्णा तिथे स्टोअरकीपर. मी पत्रा दाबायच्या प्रेसवर. एकट्या माणसांना राहायला कारखान्यानं लष्कराच्या लिलावातल्या जुन्या बराकी आणून उभ्या केल्या होत्या. एका खोलीत चार लोखंडी कॉट. मी ट्रंक घेऊन आत शिरलो तेव्हा तीनच कॉट दिसल्या. चौथीच्या जागी दगडांवर फळ्या टाकलेल्या, त्यावर चार फूट लांबीची काचेची टाकी, आणि टाकीसमोर बनियन घालून, मांडी ठोकून बसलेला जाड मिशांचा माणूस.

"माझी कॉट कुठली?" मी विचारलं.

"ती भिंतीकडची."

"मग तुमची?"

"माझ्या कॉटवर मासे राहतात," अण्णा म्हणाले. "मी व्हरांड्यात झोपतो. तू मागच्या ठिकाणी होतास तिथे खोली केवढी होती?"

अण्णांची कॉट स्टोअरमध्ये परत जमा झाली होती. चौघांना चार कॉटची जागा मिळते, त्यातली आपली जागा आपण कुणालाही देऊ, असा त्यांचा हिशेब. बाकीचे दोघे सुरुवातीला भांडले होते म्हणे. अण्णांनी थंडीतही व्हरांडा सोडला नाही, तेव्हा ते गप्प बसले.

मासे म्हणजे शिंगट्या. बोटाएवढ्या, करड्या-रुपेरी, खवले नसलेल्या आणि तोंडाभोवती लांब मिशांच्या. पवनेत हव्या तेवढ्या मिळत. हातात धरली तर कल्ल्यामागचा काटा असा मारते की बोट दिवसभर ठणकतं. लोक तिचं कालवण करतात. पिंपळे गुरवचे धोंडिबा म्हणून एक म्हातारे शेतकरी होते, नदीला बांबूचा सापळा लावायचे. अण्णांनी पहिल्या सहा शिंगट्या त्यांच्याकडून आणल्या. धोंडिबा पुढे कधी रस्त्यानं जाताना मुद्दाम बराकीत डोकवायचे.

"काय अण्णा, अजून खाल्ल्या न्हाईत व्हय?"

"नाही."

"मग काय पूजा घालतासा का काय?"

"बघतो नुसतं."

"आन् त्या काय करत्यात?"

"त्याही बघतात."

धोंडिबा हसत. "मिशा बी सारख्याच हायेत की. कोन कुनाला पाळतंय ते कळंना झालंय."

अण्णा कोकणातले, खाडीकाठचे. मासे त्यांनी लहानपणापासून पकडले होते आणि खाल्लेही होते. पाळायला का लागले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गावी भावाच्या घरात बायको आणि एक मुलगी होती, कुसुम. वर्षातून एकदा रजा. मधल्या काळात माणसाला संध्याकाळी काहीतरी बघायला लागत असेल, एवढंच मी धरून चाललो.

टाकीची गोष्ट ते मात्र रंगवून सांगत. पिंपरीच्या निर्वासित कँपात एक सिंधी गृहस्थ तसबिरींना काचा बसवत. अण्णा लोखंडी अँगलची चौकट जोडून घेऊन त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "साईं, लंबाई कम करो, ऊँचा बनाओ. दूर से दिखेगा." अण्णा म्हणाले, "दिखने के लिए नहीं, रहने के लिए चाहिए." दोघांचं तासभर वाजलं. शेवटी अण्णांनी एका बशीत बोट फिरवून दाखवलं, की शिंगटी अशी फिरते, तळाला धरून. डोक्यावर चार हात पाणी ठेवलंत तरी तिला त्याचा काय उपयोग? तिला जमीन पाहिजे. लांब पाहिजे, रुंद पाहिजे. उंची पाहणाऱ्याला लागते. ते गृहस्थ ऐकत राहिले, मग म्हणाले, "हम भी जमीन छोड़ के आए हैं, साईं," आणि काचेचे फक्त अर्धे पैसे घेतले. अण्णांना हे सांगताना दर वेळी अवघडल्यासारखं होई. त्यांना तशी काही सूट नको होती, ते नुसतं मापाचं बोलत होते.

टाकीतल्या सोबत्यांच्या बाबतीत तर ते हटवादी होते. शिंगटी एकटी ठेवायची नाही. एकटी ठेवली की ती खापराखाली जाऊन बसते आणि खाणं सोडते. पाच-सहा जणी असल्या की बाहेर येतात. लपायला मडक्याची खापरं, तीही शिंगट्यांपेक्षा एखादं जास्तच, नाहीतर जागेवरून मारामाऱ्या होतात. तळाला नदीची धुतलेली वाळू. खडी टाकायची नाही, मिशा सोलवटतात, आणि मिशा गेल्या की तिचे डोळे गेल्यासारखंच. वरच्या पाण्यात दुसरे मासे ठेवायचे तर ते वरच राहणारे, चपळ, आणि शिंगटीच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे. त्यांनी नदीतल्याच चार मोठ्या खवल्या, चकचकीत खवल्यांचे मासे, निवडल्या होत्या. त्या वर, या खाली. जेवण निरनिराळं. वरच्यांना दिवसा, खालच्यांना दिवेलागणीनंतर गांडुळाचे तुकडे.

"भांडत नाहीत?" मी विचारलं होतं.

"कशावरून भांडतील? एकमेकींच्या वाटेतच येत नाहीत."

एकदा आमच्या खोलीतल्या पाटलानं गंमत म्हणून मरळीचं पिल्लू आणलं. काळं, देखणं होतं, पण मरळ मोठी झाली की दुसरे मासे खाते. अण्णांनी ते डब्यातूनच परत नदीवर नेलं. "आज ते लहान आहे. तुमच्या गंमतीसाठी ते लहान राहणार नाही." पाटील म्हणाला, "अण्णा, मुलगी बघताना एवढं बघत नाहीत लोक." अण्णा म्हणाले, "म्हणून तर."

मी तेव्हा युनियनच्या कामात बुडालेलो होतो. कुणी काहीही बोललं की मला त्यात मालक आणि मजूर दिसत. अण्णांचं हे वर-खाली ऐकून मी एका संध्याकाळी त्यांना समजावलं की हीच तर समाजरचना आहे. वरच्यांना दिवसाढवळ्या मिळतं, खालच्यांना अंधारात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू सभेत बोल. इथे पाणी बदलायचंय, बादली धर." मी बादली धरली. रविवारी थोडं पाणी उपसायचं, पिंपात दोन दिवस ठेवलेलं विहिरीचं पाणी हळू ओतायचं, हे काम त्यानंतर माझ्याकडेच आलं.

मग कारखान्याला नवी शेड बांधायची ठरली आणि बराकींची जागा जाणार म्हणून सांगण्यात आलं. एकट्यांसाठी लांबलचक हॉल बांधत होते, त्यात ओळीनं कॉट, टाकी ठेवायला जागा नाही. कुटुंबवाल्यांसाठी दोन खोल्यांचे थोडे क्वार्टर होते. अण्णांचा अर्ज होता, पण नोकरीनं त्यांच्याहून जुने लोकही होते. शेवटचे दोन-तीन क्वार्टर कुणाला हे मॅनेजरसाहेब ठरवणार होते.

अण्णांना क्वार्टर हवा होता तो माशांसाठी नव्हे. कुसुमची गावातली शाळा चौथीला संपली होती. पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि भावाचं म्हणणं की पोरीला आता घरात बसवा. चिंचवडला हायस्कूल होतं. जूनच्या आत अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि कुसुम इथे आल्या तर नाव घालता येणार होतं. वर्ष गेलं की घरात बसलेली मुलगी परत बाहेर निघत नाही, हे अण्णांनी आपल्या दोन बहिणींचं पाहिलं होतं. हे त्यांनी मला वाळू धुताना सांगितलं, माझ्याकडे न बघता.

त्याच सुमारास साहेब स्टोअरमध्ये आले. मी तिथे ग्रीस घ्यायला उभा होतो, म्हणून हे ऐकलेलं आहे.

"अण्णा, तुमच्याकडे ते मिशीवाले मासे आहेत म्हणे."

"आहेत."

"आम्ही मुंबईहून टाकी आणलीय. उंच, गोल. सुंदर आहे. सोनेरी मासे सोडलेत, पण तळाला घाण फार साठते. कुणी सांगितलं, हे तुमचे मासे तळ साफ ठेवतात."

"नाही साहेब. तळाला राहतात. साफ ठेवत नाहीत."

"तेच ते."

"तेच ते नाही, साहेब. त्यांना खायला वेगळं लागतं. आणि सोनेरी मासा मंद, त्याच्या शेपट्या लांब. शिंगटी उपाशी राहील, नाहीतर त्या शेपट्या कुरतडेल. गोल टाकीत तिला फिरायलाही जागा नाही."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. कधी कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. "दोनच पाठवा हो. हिनं अगदी धरून ठेवलंय." आणि जाता जाता म्हणाले, "हां, क्वार्टरचंही या आठवड्यात बघतोय मी."

ही दोन वाक्यं एकमेकांना बांधलेली होती की नुसती शेजारी पडली, ते मला आजही सांगता येणार नाही. अण्णांनाही कधी कळलं नाही. कळलं असतं तर सोपं झालं असतं. धमकी दिली असती तर तिला तोंड देता आलं असतं.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. 'तळाची घाण कुणी खायची?' असा मथळा. मला वाटतं, चांगलं उतरलं होतं. अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला आणि पुन्हा स्वतः सावकाश वाचला.

"छान लिहितोस. पण यात शिंगटी कुठाय?"

"म्हणजे?"

"साहेबांना ती झाडायला पाहिजे. तुला भांडायला पाहिजे. तुम्हाला दोघांनाही ती कामालाच पाहिजे."

मी चिडलो. "मग देऊ नका! तत्त्व म्हणून तरी देऊ नका."

"तत्त्व माझं आहे," अण्णा म्हणाले, "आणि शाळा तिची आहे."

दुसऱ्या दिवशी ते बंगल्यावर गेले. म्हणाले, मला एक महिना द्या, मी स्वखर्चानं चार फुटी टाकी बांधून देतो, वाळू घालतो, सहाच्या सहा शिंगट्या देतो, सोनेरी मासे उंच टाकीतच राहू देत. साहेब म्हणाले, "आमच्या हॉलमध्ये एवढी जागा कुठाय, अण्णा?" बाईसाहेबांना उंच टाकीच आवडली होती. साहेबांनी अण्णांना चहा दिला.

शनिवारी अण्णांनी दोन शिंगट्या काढल्या. खूप वेळ टाकीपुढे बसले होते. पाटील म्हणाला, "द्या कुठल्याही दोन, सगळ्या सारख्याच तर आहेत." अण्णांनी एकाच खापराखाली बसणाऱ्या दोघी निवडल्या. आमच्याच कारखान्यातला एक डबा घेतला, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली, टाकीतलंच पाणी भरलं. जाळीतून काढताना एकीनं काटा मारला. अण्णांनी बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं झाकण लावलं. मी बरोबर येतो म्हणालो तर म्हणाले, "नको. तुझा चेहरा बघून त्यांना वाटेल मोर्चा आला."

पुढच्या आठवड्यात क्वार्टर मिळाला.

मे महिन्यात वहिनी आणि कुसुम आल्या. वहिनी ठसठशीत, कोकणी हेल काढून बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी दोन खोल्या फिरून आल्या आणि म्हणाल्या, "एवढी मोठी जागा, आणि माझ्या बसण्याच्या जागेवर हे काचेचं तळं होय?" पण टाकी समोरच्या खोलीत राहिली. कुसुम तिच्यासमोर उकिडवी बसली. अण्णांनी तिला पत्रांतून सगळं कळवलेलं होतं.

"अण्णा, तुम्ही सहा लिहिल्या होत्या. या चारच आहेत."

"दोन गावाला गेल्यात."

"कुणाच्या गावाला?"

वहिनींनी तिला पाणी भरायला हाक मारली.

साहेब पावसाळ्याच्या तोंडावर परत स्टोअरमध्ये आले. हसतच होते. "अहो अण्णा, तुमच्या माशांनी गोंधळच घातला. एक तर खाईचना, मेला. दुसऱ्यानं आमच्या सोनेरीची शेपटी पार कुरतडली. हिनं माळ्याला सांगितलं, काढून टाक. गुलाबाच्या मुळाशी पुरला म्हणे."

"बरं," अण्णा म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होता तसं."

"हो."

साहेबांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि सोल्डरचा साठा किती आहे ते विचारलं. अण्णांनी न बघता अचूक सांगितला. मी प्रेसवर परत गेलो. मला त्या दिवशी राग यायला हवा होता. हात नेहमीसारखे चालत होते, डबे पडत होते. मी वाट बघितली, आला नाही.

त्या रविवारी अण्णांनी उरलेल्या चार शिंगट्या आणि खवल्या पवनेत नेऊन सोडल्या. आता ही सोबत मोडलेली आहे, एवढंच म्हणाले. धोंडिबा सापळा काढत होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांची नेहमीची थट्टा केली नाही. "फुडं सोडा जरा, अण्णा," म्हणाले. "हितं माझं सापळं हायेत." अण्णा गुडघाभर पाण्यातून वर चालत गेले.

त्यानंतर त्यांनी कुणाला ते दोन प्रश्न विचारलेले मी ऐकले नाहीत. काम चोख करत. युनियनची वर्गणी वेळेवर देत. संध्याकाळी कुसुमचा अभ्यास घेत. टाकीच्या काचा वहिनींना भांड्यांच्या फळीला हव्या होत्या, त्या अण्णांनीच काढून बसवून दिल्या. नव्या माणसानं त्यांना टाकीवाले अण्णा का म्हणतात असं विचारलं तर म्हणत, "असंच."

पुढे आमचा संप झाला, फसला, आणि ज्यांना काढलं त्यांत मी होतो. पुण्याला एका छापखान्यात काम मिळालं. निघायच्या दिवशी अण्णांच्या घरी जेवलो. वहिनींनी वाटेत खायला पोळीभाजी बांधून दिली. अण्णा मला एसटीपर्यंत सोडायला आले. ऊन होतं. रस्त्याकडेच्या वडाखाली आम्ही उभे राहिलो.

मी म्हणालो, "अण्णा, एक विचारू? त्या वेळी दोन शिंगट्या दिल्यात, त्याचं..."

मला वाक्य पूर्ण करता येईना. ते रस्त्याकडे बघत होते.

"परत वेळ आली तर परत देईन," ते म्हणाले. "आणि परत असंच होईल मला."

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर घोषणा असायची. एक ट्रक गेला, धूळ बसली. अण्णांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"कुसुम गणितात वर्गात पहिली आली. सांगितलं का तुला तिनं?"

"नाही."

"आली," अण्णा म्हणाले.

मग एसटी दिसली, आणि माझ्या आधी त्यांनीच हात केला.